अजगर अन्न का नाकारतो?

दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंमध्ये अजगराची गणना केली जाते. अजगर अन्नासाठी धावाधाव करीत नाही. समोर येईल ते ग्रहण करतो आणि काहीच न आल्यास कित्येक दिवस निराहार पडून राहतो, हा त्याचा गुण भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने वाखाणला आहे. संत एकनाथांनी या स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि नृसिंहवाडीला दर्शनास जाणाऱ्या बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातील भाविकांच्या घरी हा दृष्टांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. हे निरीक्षण प्राणिशास्त्राच्या कसोटीवरही पुष्कळसे खरे उतरते. तथापि, रानातील अजगराचा जो स्वभाव वंदनीय मानला गेला, तोच पिंजऱ्यातील अजगराने दाखविला की माणूस घाबरतो. मग तोंड उघडून अन्न कोंबणे, दूध पाजणे असे उपाय सुरू होतात. उपवासाने सहसा न मरणारा प्राणी अशा उपायांनी मात्र दगावू शकतो.

दोन प्रकारचे बंदिस्त अजगर

हा प्रश्न दोन प्रकारच्या अजगरांच्या बाबतीत उद्भवतो. पहिला परदेशी. पश्चिम व मध्य आफ्रिकेत आढळणारा 'बॉल पायथन' हा तीन ते पाच फूट लांबीचा, बिनविषारी व शांत स्वभावाचा अजगर अलीकडे शहरांतून हौसेखातर पाळला जातो. भय वाटताच तो डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून त्याला हे नाव पडले. अन्न नाकारण्याविषयी हा साप पाळणाऱ्यांमध्ये विशेष प्रसिद्ध आहे.

दुसरा आपला भारतीय अजगर. खानापूर तालुक्यातील दाट अरण्यापासून नदीकाठच्या झाडीपर्यंत त्याला आसरा मिळतो. ऊसतोडणीत, विहिरीत किंवा पुराच्या पाण्याबरोबर असा अजगर माणसांच्या नजरेस पडला, तर तो पोत्यात अथवा पिंपात घालून लोकांना दाखविण्यासाठी ठेवून घेण्याचा मोह काहींना होतो. त्याच्यापुढे कोंबडी टाकली जाते. तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दोन्ही अजगरांच्या उपवासामागील कारणे बहुतांशी सारखीच आहेत.

उपासासाठी घडलेले शरीर

माणूस व गुरेढोरे यांना आपले शरीर उबदार ठेवण्यासाठी सतत अन्न लागते. साप ही उष्णता सूर्यापासून व जमिनीपासून घेतो. त्यामुळे त्याला लागणारे अन्न फारच थोडे असते. एकदा पोटभर भक्ष्य मिळाले की मोठ्या अजगराला कित्येक आठवडे दुसरे लागत नाही.

भक्ष्य गिळल्यानंतर अजगराच्या शरीरात होणारे बदल थक्क करणारे आहेत. ब्रह्मदेशी अजगरावरील संशोधनात असे आढळले, की जेवणानंतर दोनच दिवसांत त्याच्या हृदयाचे वजन सुमारे 40 टक्क्यांनी वाढते आणि आतड्याचे वजन जवळपास दुप्पट होते. पचन संपले की हे अवयव पुन्हा लहान होतात. दुकान बंद असताना दिवे मालवून ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉल पायथनसह काही जातींच्या सापांना सुमारे साडेपाच महिने अन्न दिले नव्हते. या काळात काही सापांनी आपला शक्तिव्यय 70 टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे दिसून आले. अर्थात, हे सुदृढ सापांविषयी झाले. नुकत्याच जन्मलेल्या पिलांना एवढा दीर्घ उपवास सोसत नाही.

उष्णतेचे गणित

अन्न नाकारण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे अपुरी ऊब. सापाचे पचन बाहेरील तापमानावर अवलंबून असते. बॉल पायथनच्या पेटीचा एक भाग 31 ते 33 अंश सेल्सिअस व दुसरा 25 ते 27 अंश असावा लागतो, म्हणजे तो गरजेप्रमाणे जागा बदलू शकतो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर वसले आहे. थंडीच्या दिवसांत येथील रात्री पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी उघड्या ओसरीवर किंवा फरशीवर ठेवलेल्या पेटीतील अजगराने उंदीर गिळला, तर तो पचण्याऐवजी पोटातच कुजू लागतो व अखेर उलटून पडतो. हा धोका टाळण्यासाठी अजगर मुळातच खात नाही. ते त्याचे शहाणपण होय.

कात, अंडी आणि ऋतू

दुसरे कारण कात टाकण्याचे. कात निघण्यापूर्वी सापाचे डोळे निळसर-धुरकट होतात, त्याला नीट दिसत नाही व तो आडोशाला पडून राहतो. या काळात तो बहुधा खात नाही. कात पूर्ण निघाल्यावर भूक आपोआप परत येते.

तिसरे कारण प्रजननाचे. विणीच्या हंगामात नर मादीच्या शोधात असतो व कित्येक आठवडे भक्ष्याकडे लक्ष देत नाही. गाभण मादीही अन्न सोडते. अंडी घातल्यावर अजगराची मादी त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. भारतीय अजगराची मादी तर स्नायू थरथरवून स्वतःच्या अंगात उष्णता निर्माण करते. अजगराच्या अशा उबविण्याची नोंद पॅरिस येथील प्राणिसंग्रहात 1841 साली शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी तापमापकाच्या साहाय्याने केली होती. सुमारे दोन महिने चालणाऱ्या या काळात माता सहसा शिकारीसाठी अंडी सोडून जात नाही. शेतात अशी वेटोळे घालून बसलेली मादी दिसल्यास तिला हुसकावणे म्हणजे सबंध वीण नष्ट करणे होय.

भय आणि अनोळखी भक्ष्य

अजगर हा दबा धरून बसणारा शिकारी आहे. लपण्यास जागा नसेल, तर तो स्वतःलाच शिकार समजतो आणि भेदरलेला प्राणी जेवत नाही. काचेच्या उघड्या पेटीभोवती मुलांची गर्दी, सतत हाताळणे, रात्रभर जळणारा दिवा, जागेतील वारंवार बदल, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्याची भूक घालविण्यास पुरेशी ठरते. अंग जेमतेम मावेल असा अंधारा आडोसा आणि काही दिवसांची शांतता हाच यावर उपाय आहे.

भक्ष्य ओळखण्याची त्याची रीतही ध्यानात घ्यावी. अजगराच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात व जिभेने तो वास टिपतो. जो साप एका प्रकारच्या उंदरावर वाढला, त्याला दुसरा प्रकार परका वाटतो. थंडगार मेलेला उंदीर तर त्याला भक्ष्यच वाटत नाही. उलट, जिवंत उंदीर पेटीत सोडून देणेही घातक आहे, कारण न खाणाऱ्या सापाला उंदीरच कुरतडून जखमी करतो.

दूध हा सापाचा आहार नव्हे

नागपंचमीच्या परंपरेमुळे उपाशी सापाला दूध देण्याची कल्पना आपल्याकडे रुजली आहे. श्रद्धेचा मान राखूनही हे सांगणे अगत्याचे आहे, की साप पूर्णतः मांसाहारी असून त्याला दूध पचत नाही. गारुड्याचा नाग दूध पितो तो अनेक दिवस पाण्यावाचून तहानलेला असतो म्हणून. बळेच पाजलेले दूध श्वासनलिकेत शिरून साप मरू शकतो. विषदंत उपटल्यामुळे तोंडात जखमा झालेला नाग तर भक्ष्य पकडूच शकत नाही. त्याचा उपवास हा छळाचा परिणाम असतो. सापाला पाजण्यासारखे एकच पेय आहे, ते म्हणजे स्वच्छ पाणी.

आजार केव्हा समजावा?

वजन हा उपवासाचा खरा मापदंड आहे. धष्टपुष्ट साप दोन महिने न खाताही वजन टिकवून असेल, तर धीर धरावा. परंतु वजन दहाव्या हिश्शाने किंवा अधिक घटले, पाठीचा कणा उठून दिसू लागला, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडातून फेस, हिरड्यांवर सूज किंवा पू, खवल्यांत गोचिडीसारखे कीटक, अशी लक्षणे दिसली, तर विलंब न लावता पशुवैद्यकाकडे जावे. बळजबरीने अन्न भरविण्याचा प्रयोग घरी कदापि करू नये.

कायदा काय सांगतो?

भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहे. त्याला पकडणे वा बाळगणे हा गुन्हा असून 2022 च्या सुधारणेनंतर त्यासाठी किमान 3 व कमाल 7 वर्षे कारावास आणि किमान 25 हजार रुपये दंडाची तरतूद आहे. 'जखमी होता म्हणून घरी ठेवला' ही सबब चालत नाही. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार केंद्र शासनाच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. पाळणे झेपत नाही म्हणून असा प्राणी रानात सोडून देणे अयोग्य आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात परक्या अजगरांनी तेथील वन्य सस्तन प्राण्यांची केवढी हानी केली, हे जगासमोर आहे.

गावकऱ्यांचे व शाळांचे काम

उसाच्या व भुईमुगाच्या शेतात उंदीर-घुशी किती नासधूस करतात, हे वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. त्या उंदरांचा फुकट बंदोबस्त करणारा साप हा शेताचा राखणदार आहे. अजगर दिसल्यास लोकांना दूर ठेवावे, त्याला डिवचू नये व वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत उपयोगी पडतो. ग्रामपंचायतीने तो चावडीवर व शाळेच्या फलकावर ठळक लिहून ठेवावा. नागपंचमीच्या आदल्या दिवशी शिक्षकांनी वर्गात सापाच्या आहारावर एक पाठ घेतला, तर मुलांमार्फत ही माहिती घरोघर पोहोचेल.

रानातील अजगर उपवास करतो तो परत शिकार मिळेल या भरवशावर. पेटीतल्या अजगराला तो भरवसा नसतो. त्याने अन्न नाकारले, तर आधी त्याची ऊब, आडोसा व शांतता तपासावी. आणि तो आपल्या रानातला असेल, तर वन विभागाच्या हाती सोपवून त्याला रानात परत जाऊ द्यावे.