शिवारातून मंत्रालयाकडे (लेखांक सातवा) : पद्माळ्याचा शेतकरी आणि सांगलीचा कारखाना

महाराष्ट्राच्या राजकारणात शेतकरी कुटुंबांतून आलेल्या नेत्यांची वाण कधीच नव्हती. परंतु शेतकऱ्याच्या घरी जन्म घेणे आणि शेतीच्याच व्यवहारातून सत्तेपर्यंत पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. यशवंतराव चव्हाण, वसंतराव नाईक आणि शंकरराव चव्हाण हे तिघेही शेतकऱ्यांच्या घरांत वाढले, पण तिघांनीही कायद्याची पदवी घेतलेली होती आणि राज्यकारभाराची भाषा त्यांना त्या शिक्षणातून अवगत झाली होती. वसंतदादा पाटील यांचे शालेय शिक्षण मात्र सातवीच्या पुढे गेले नाही. असे असूनही ते दोन वेगवेगळ्या कालखंडांत राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि सिंचन, सहकार व शिक्षण या तीन क्षेत्रांत त्यांनी घेतलेल्या निर्णयांचे परिणाम ग्रामीण महाराष्ट्र आजही भोगतो आहे. राज्यकारभाराचे शिक्षण त्यांना कोठे मिळाले, हा या लेखांकाचा विषय आहे.

त्यांच्या पूर्वायुष्याचा तपशील सर्वपरिचित असल्याने तो थोडक्यात नोंदवणे पुरेसे आहे. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या वसंतदादांचे आईवडील साथीच्या रोगात गेले आणि सांगलीजवळच्या पद्माळे या गावी आजीने त्यांना वाढवले. स्वातंत्र्यलढ्यात भूमिगत चळवळ केल्यानंतर ते पकडले गेले. २४ जुलै १९४३ रोजी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून ते बाहेर पडले, तेव्हा झालेल्या गोळीबारात त्यांच्या खांद्याला गोळी लागली आणि दोन साथीदारांना प्राण गमवावे लागले. १९४६ मध्ये सुटका, १९५२ मध्ये सांगलीतून विधानसभेवर निवड, हा क्रम त्या पिढीतील अनेक कार्यकर्त्यांच्या आयुष्यात दिसतो. वेगळेपण सुरू होते ते पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या सांगलीच्या शेतकरी सहकारी साखर कारखान्यापासून.

सहकारी साखर कारखाना ही संस्था कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय तिचे राजकारण समजत नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला जो नमुना घातला, त्यात ऊस पिकवणारा शेतकरी हाच कारखान्याचा भागधारक असतो आणि भाग कितीही असले तरी त्याला मत एकच असते. शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून यंत्रसामग्रीचा खर्च भागत नसल्याने राज्य शासन स्वतः भाग घेते, वित्तसंस्थांच्या कर्जाला हमी देते आणि उरलेली तूट उसाच्या बिलातून कापून घेतलेल्या ठेवींतून भरली जाते. यांतील काही ठेवी परतीच्या आणि काही बिनपरतीच्या असतात; ‘बिनपरतीची ठेव’ हा शब्दप्रयोग भाषेच्या दृष्टीने विसंगत वाटला, तरी हजारो शेतकऱ्यांच्या बिलांवर तो छापला गेला आणि संस्थेवरील विश्वासापोटी बहुतेकांनी तो मान्यही केला.

भांडवलापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न तोडणीचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस, त्यानंतरचा पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू आणि तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा या प्रत्येकाचा पक्व होण्याचा काळ वेगळा असल्याने, कारखान्याच्या गट ऑफिसात लागणीच्या तारखेनुसार नोंद होते आणि त्या नोंदीवरून तोडीची पाळी ठरते. पाळी लांबली की उसाला तुरा येतो, कांडे आतून पोकळ पडून दशी धरते आणि वजन घटते. उलट तोडलेला ऊस गव्हाणीत वेळेवर पडला नाही तर त्यातील साखर कमी होते, म्हणजे कारखान्याचा उतारा घसरतो. उतारा म्हणजे शंभर किलो उसापासून मिळणारी साखर, आणि दरही त्याच्याशीच बांधलेला असतो. तेव्हा कोणाच्या फडात टोळी आज जाईल आणि कोणाच्या फडात पंधरा दिवसांनी, हे ठरवणाऱ्याच्या हाती गावाचा वर्षाचा प्रपंच असतो. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयपासून अध्यक्षापर्यंतची ही साखळी कागदावर प्रशासकीय असली, तरी प्रत्यक्षात ती राजकीय असते, आणि वसंतदादांचे खरे शिक्षण याच साखळीत झाले.

हा कारखाना पुढे गाळपक्षमतेच्या दृष्टीने आशियातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला गेला. त्याचे विस्तारीकरण करायचे तर परवाना दिल्लीचा, हमी मुंबईची, पाणी पाटबंधारे खात्याचे आणि वीज मंडळाची. साहजिकच कारखान्याच्या अध्यक्षाला शासनाच्या प्रत्येक खात्याचे उंबरठे झिजवावे लागत. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर या अध्यक्षांना आणि संचालकांना गावपातळीपर्यंत पोहोचलेली सत्तेची दुसरी शिडी मिळाली. कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि जिल्हा परिषद या त्रयीवर पकड असलेला नेता विधानसभेची उमेदवारी मागत नसे, ती त्याच्याकडे चालत येई. मंत्रालयात आलेला हा शेतकरी फायली वाचून निर्णय घेणारा नव्हता. ज्या अडचणींसाठी त्याने पूर्वी खेटे घातले होते त्याच अडचणी आता त्याच्या टेबलावर येत होत्या, आणि त्याच्या झटपट निर्णयक्षमतेचे जे कौतुक होते, त्याचे मूळ येथे आहे.

१९७२ नंतर वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे खाते वसंतदादांकडे आले, तो काळ दुष्काळाचा आणि कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपाचा होता. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले (एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट) आणि वाटपाच्या फेरविचाराची मुभा ३१ मे २००० नंतर ठेवली, त्यामुळे तत्पूर्वी जास्तीत जास्त पाणी अडवण्याची घाई राज्याला झाली. वारणेवरचे धरण खुजगावला बांधावे की चांदोलीला, यावरून वसंतदादा आणि वाळव्याचे राजारामबापू पाटील यांच्यात झालेला वाद याच काळातला. खुजगावला साठा अधिक झाला असता, पण बुडिताखालची गावेही वाढली असती. लाभक्षेत्राचा शेतकरी आणि विस्थापित होणारा शेतकरी यांतला हा पेच होता आणि वसंतदादा त्यात लाभक्षेत्राच्या बाजूने उभे होते. धरण अखेर चांदोलीला झाले, जलाशयाला मात्र ‘वसंतसागर’ हे नाव मिळाले.

शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातून वगळले गेल्यावर १९७६ मध्ये वसंतदादांनी जाहीर केलेला राजकीय संन्यास फार टिकला नाही, कारण १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसची वाताहत झाल्यावर पक्षाला मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचीच आठवण झाली. त्यांच्या या पहिल्या कारकिर्दीत, १९७७ मध्ये, रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने संमत केला, ज्यामुळे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला काम देणे ही शासनाची कायदेशीर जबाबदारी ठरली. १९७८ च्या जुलैमध्ये त्यांच्याच मंत्रिमंडळातील शरद पवार बाहेर पडले आणि सरकार कोसळले. साखर कारखानदारीतून वर आलेल्या दोन पिढ्यांमधला हा पहिला उघड संघर्ष होता, असे म्हणता येईल.

फेब्रुवारी १९८३ ते जून १९८५ या दुसऱ्या कारकिर्दीतले निर्णय अधिक दूरगामी ठरले. खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर, म्हणजे शासनाचे वेतन अनुदान न घेता विद्यार्थ्यांच्या शुल्कावर, अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची मुभा १९८३ मध्ये दिली गेली. प्रवेशासाठी कर्नाटकात जाणारी मराठी मुले राज्यात थांबावीत, हा हेतू वाजवी होता आणि लहान गावांत तंत्रशिक्षण पोहोचले हेही खरे; परंतु महाविद्यालये काढण्याची ऐपत ज्यांच्यात होती ते बहुतांशी कारखान्यांचे आणि बँकांचेच धुरीण होते, त्यामुळे ‘साखरसम्राटां’च्या शेजारी ‘शिक्षणसम्राट’ हा नवा शब्द मराठीत रुळला. कारखान्यात उत्पादक हा मालक होता, महाविद्यालयात पालक केवळ ग्राहक राहिला, हा फरक त्या वेळी फारसा कोणी लक्षात घेतला नाही.

वसंतदादांच्या नावाशी जोडली जाणारी ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा त्यांच्या एकूण राजकारणाच्या नेमकी उलट दिशेची आहे. मोठ्या धरणांवर आणि आडसाली उसावर पोसलेल्या राजकारणाचा नेता नाला बांध, पाझर तलाव आणि समतल चर यांची भाषा बोलू लागतो, यात कोरडवाहू शेतकऱ्याची उशिरा का होईना घेतलेली दखल आहे. त्याच सुमारास नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत मागास जिल्ह्यांत राहिलेली तूट, सुमारे ३,१८७ कोटी रुपयांची असल्याचे दाखवले आणि तीत सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस व ज्वारी पिकवणाऱ्यांकडे गट ऑफिस नव्हते, तोडीची पाळी नव्हती आणि म्हणून मंत्रालयापर्यंत जाणारी शिडीही नव्हती. कापूस एकाधिकार खरेदी योजनेतला शेतकरी हा विक्रेता होता, सभासद नव्हता. ग्रामीण धोरण शेतकऱ्यांनी घडवले हे विधान महाराष्ट्राबाबत खरे आहे, मात्र ते पाणी असलेल्या शेतकऱ्यांनी घडवले ही पुस्ती त्याला जोडावी लागते.

वसंतदादांचे निधन १ मार्च १९८९ रोजी झाले. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन शुगर इन्स्टिट्यूटला त्यांचे नाव देण्यात आले आणि ऊस संशोधनातील ती देशातील एक प्रमुख संस्था आहे. सांगलीच्या कारखान्याला मात्र थकीत कर्जांतून वर येता आले नाही, आणि २०१७ मध्ये तो एका खासगी कंपनीला भाडेकराराने चालवण्यास देण्यात आला. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे आणि तासगाव तालुक्यातील विसापूरचा प्रयोग यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.