अपंगत्व भत्ता आणि कुटुंबाची करसवलत
अमेरिकेत 1975 पासून कमी कमाईच्या कुटुंबांना ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ मिळते. कर शून्य असला तरी ही रक्कम हातात पडते. अपंगत्व भत्ता घेणाऱ्या घरांना मात्र धास्ती असते, की ही रक्कम घेतली तर भत्ता बंद होईल. तसे होत नाही. गरजू अपंगांच्या ‘एसएसआय’ भत्त्यासाठी हा परतावा उत्पन्न धरला जात नाही, आणि शिल्लक राहिला तरी 12 महिने मालमत्तेत मोजत नाहीत.

मुख्य अट अशी, की घरात कष्टाची कमाई हवी. एसएसआय किंवा सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व भत्ता ही कमाई नव्हे.

पालकांसाठी सर्वांत मोलाची तरतूद वेगळीच आहे. मूल कायमचे आणि पूर्णपणे अपंग असेल तर या क्रेडिटसाठी त्याला वयाची मर्यादा नाही. चाळिशीतला मुलगाही चालतो. फक्त तो अर्ध्या वर्षाहून अधिक काळ अमेरिकेत तुमच्याजवळ राहिलेला हवा. त्याला स्वतःला एसएसआय मिळत असला तरी अडचण नाही. डॉक्टरांचे लेखी पत्र जपून ठेवा, आणि कर लागत नसला तरी विवरणपत्र जरूर भरा.