भरती की सुकती?

दिरांची मोटरबोट केंटच्या किनाऱ्यावरल्या क्वीनबरोहून टेम्सने टेडिंग्टनला न्यायची होती. मी जुनी शिक्षिका. लगेच वेळापत्रक आखलं : सकाळी आठला प्रस्थान!

रत्नागिरीच्या सासूबाईंनी विचारलं, "अगं, आठला भरती की सुकती?"

कोष्टक पाहिलं. सुकती, दुपारी एकपर्यंत! उलट्या पाण्यात दुप्पट डिझेल जळलं असतं, लेकीला बोट लागली असती ती वेगळीच.

एकला निघालो, भरतीनेच लंडनकडे ढकललं. टेम्स बॅरिअरआधी चॅनल १४ वर परवानगी घेतली. रात्री लाइमहाउसला मुक्काम. पुढे पूल, उधाणाला इथे पाणी सहा मीटरहून अधिक चढतं, म्हणून पुलांखालची उंचीही भरतीच्या हिशेबाने तपासली.

दुसऱ्या दिवशी टेडिंग्टन लॉकचे दरवाजे मागे मिटले. भरती-ओहोटी तिथवरच.

सासूबाई म्हणाल्या, "आता काढ तुझं वेळापत्रक."