कावीळ-ब आणि यकृत प्रत्यारोपण

आपल्या शेंदूरजनाघाट परिसरात कावीळ झाली म्हणजे माणूस आधी माळ घालणाऱ्याकडे जातो. दूषित पाण्याची कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. परंतु कावीळ-ब, म्हणजेच हिपॅटायटिस-बी, हा निराळा आजार आहे. तो बाधित रक्त, दूषित सुई व वस्तरा, शरीरसंबंध यांतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने होत नाही. म्हणून रुग्णाला वाळीत टाकणे हा अन्याय आहे.

हा विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. अभिनेते अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या अपघातानंतर चढविलेल्या रक्तातून तो मिळाला, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. कळले मात्र २००० च्या सुमारास. तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. यकृत पूर्ण निकामी झाले तर प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. जुने यकृत काढले तरी विषाणू रक्तात व शरीरात अन्यत्र उरतोच. मग तो नवे यकृतही खाणार नाही काय? पूर्वी असेच घडे. युरोपातील ३७२ रुग्णांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. संरक्षण न मिळालेल्या किंवा थोडेच दिवस मिळालेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के रुग्णांत तीन वर्षांच्या आत आजार उलटला. विषाणूविरोधी प्रतिपिंडांची इंजेक्शने दीर्घकाळ घेणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. पुढे १९९८ पासून लॅमिव्हुडिन व नंतर एन्टेकॅव्हिर, टेनोफोव्हिर या गोळ्या आल्या. इंजेक्शन व गोळी यांच्या जोडीने आजार उलटण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आले. अमेरिकेत अशा रुग्णांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १९८७-९१ मध्ये ५३ टक्के होते, ते १९९७-२००२ मध्ये ७६ टक्क्यांवर गेले.

मात्र एक अट आहे. गोळी जन्मभर घ्यावी लागते. 'आता बरे वाटते' म्हणून ती सोडणे म्हणजे मिळालेले यकृत पुन्हा विषाणूच्या हाती देणे होय.

भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झाले. वडिलांच्या यकृताचा भाग बालकाला बसविला गेला. यकृत पुन्हा वाढते, म्हणून हे शक्य होते. २०१८ पासून ही शस्त्रक्रिया नागपुरातही होऊ लागली. पण खर्च लाखांत जातो आणि अवयव सहज मिळत नाही. दान ही दहा पारमितांतील पहिली पारमिता. शिबी राजाने डोळे दिल्याची जातककथा आपण ऐकतो. मेंदूमृत आप्ताच्या अवयवदानाला होकार देणे हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

तरीही संत्र्याचा बगीचा विकून प्रत्यारोपणापर्यंत जाण्याची वेळ येऊच नये, हे आपल्या हाती आहे. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस द्यावी. गरोदर मातेची व घरात रुग्ण असल्यास सर्वांची रक्ततपासणी करावी. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत मोफत आहेत. विद्यार्थी मित्रांनो, बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्यास सांगितले ते अशाच कामांसाठी. घरी जाऊन एवढे जरी सांगितले तरी एखादे घर वाचेल.

जयभीम! नमो बुद्धाय!