लिंबावरचा खैऱ्या : फवारणी करूनही का जात नाही?

चवथीच्या माटोळीत पपनस, महाळुंग, ईडलिंबू यांना आपल्याकडे मान असतो. पेडणे आणि डिचोलीतील आपल्या अनेक सभासदांच्या परसात आणि कुळागरात ही झाडे आहेत. कागदी लिंबू तर बहुतेकांकडे असतेच. पावसाळ्यात याच झाडांच्या पानांवर, कोवळ्या फांद्यांवर आणि फळांवर खरखरीत तपकिरी फोड उठतात. पानावरील फोडाभोवती पिवळे वलय दिसते. हा खैऱ्या, म्हणजे कँकर. फवारणी केली तरी तो जात नाही, असे सभासद आम्हाला सांगतात. त्यामागचे कारण येथे मांडत आहोत.

खैऱ्या हा झँथोमोनास सिट्री नावाच्या जिवाणूमुळे होतो. रोग जुना आहे. भारतात १८२७ ते १८३१ या काळात गोळा करून वाळवून ठेवलेल्या महाळुंगाच्या नमुन्यांवरही त्याच्या खुणा आढळल्या आहेत. वाऱ्यापावसाच्या शिंतोड्यांतून तो पसरतो. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, काट्यांच्या ओरखड्यांतून आणि नागअळीने पोखरलेल्या जागेतून तो आत शिरतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात त्याला वाहनाची कमतरता नाही.

झाड मात्र असहाय नसते. त्याची प्रत्येक पेशी स्वतःच पहारा देते. जिवाणूच्या शेपटीचा अंश ओळखला, की पेशी आपली भिंत बळकट करते आणि जिवाणूला मारक द्रव्ये तयार करते. बहुतेक जिवाणू येथेच अडतात. खैऱ्याच्या जिवाणूकडे मात्र सुईसारखे एक साधन असते. त्यातून तो आपली प्रथिने थेट पेशीत टोचतो. त्यांतील काही प्रथिने धोक्याचा निरोप वाटेतच अडवतात. आणखी एक प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाऊन झाडाचेच ‘लॉब-१’ हे जनुक चालू करते. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. मग पेशी फुगतात, साल फाटते आणि जिवाणू पुढच्या पावसासाठी बाहेर येतात.

बोर्डो मिश्रणातील तांबे पानाच्या वरच राहते. आत शिरलेल्या जिवाणूपर्यंत ते पोचत नाही. म्हणून फोड दिसल्यावर केलेली फवारणी ते फोड बरे करत नाही. ती फक्त नव्या पानांना आणि फळांना वाचवते.

तेव्हा काम पावसाआधीच करावे. कोरड्या दिवसांत रोगट फांद्या छाटून जाळाव्यात. त्यानंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. सुपारीच्या कोळेरोगासाठी आपण जे वापरतो, तेच हे. नवी पालवी फुटताना उघडीप पाहून फवारणी पुन्हा करावी आणि नागअळीकडेही लक्ष ठेवावे. कलम किंवा रोप घेताना पाने उलटसुलट करून पाहावीत. फोड असलेले रोप घरी आणू नये. शंका असल्यास आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात रोगट पान दाखवावे.

खैऱ्या आलेले फळ खाल्ल्याने माणसाला अपाय होत नाही. पण झाडाची पाने आणि फळे अकाली गळतात, आणि माटोळीसाठी मग बाजाराची वाट धरावी लागते.