कोकणच्या परसबागेसाठी शरदात फुलणारी बहुवर्षायू फुलझाडे

दसरा-दिवाळीच्या सुमारास फुललेले रोप नजरेत भरते, आपण ते विकत आणतो आणि पुढच्या जुलैत ते कुजते. दरवर्षी तेवढे पैसे वाया जातात. यात दोष बहुधा निगेचा नसून निवडीचा असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्यामुळे फुलाच्या रंगाआधी, झाडाचे मूळ एवढी ओल सोसेल का, हे पाहावे.

न्हाणीच्या सांडपाण्याची किंवा पागोळ्यांखालची जागा कर्दळ व सोनटक्क्याला द्यावी. दोन्हींचे कंद मे-जूनमध्ये ४५ ते ६० सें.मी. अंतरावर लावावेत. सोनटक्का पावसाच्या उत्तरार्धापासून फुलतो. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, म्हणून तो जमिनीलगत कापावा. कर्दळीचेही तसेच. लाल-पिवळा रंग हवा असेल तर कर्दळीइतके बिनतक्रार झाड दुसरे नाही.

अबोली मात्र निचऱ्याची. जांभ्या जमिनीत १५ ते २० सें.मी. उंचीचे गादीवाफे करून, चांगले कुजलेले शेणखत मिसळून लागवड करावी. नारळीच्या विरळ सावलीत ती चांगली येते. जोराच्या पावसात फुले कमी होतात, उघडीप मिळताच वाढतात. गजऱ्यांना मागणी असल्याने चार पैसेही सुटतात. 'दिल्ली' या जातीला बी धरत नाही, तिची अभिवृद्धी छाट कलमांनी करावी. साध्या जातीच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडले की ती तडकून बी उडते. बी हवे असल्यास बोंडे आधीच काढावीत व ताजे बी पेरावे. मुळांवर गाठी दिसून झाडे पिवळी पडू लागली, तर ती सूत्रकृमींची लक्षणे समजावीत. अशा वाफ्यात पुन्हा अबोली न लावता एक हंगाम झेंडू घ्यावा.

गडग्यालगतच्या कोरड्या, उन्हाच्या जागी बोगनवेल लावावी. पाऊस संपल्यावर तिला पाण्याचा थोडा ताण बसू द्यावा. रोज पाणी घातल्यास नुसता पाला वाढतो.

शेवंतीची हौस असेलच तर ती कुंडीत ठेवावी. बहर संपल्यावर झाड छाटून, बुंध्याशी फुटलेल्या काश्या वेगळ्या लावाव्यात. पावसाळ्यात कुंड्या पडवीत, पण भरपूर उजेडात ठेवाव्यात आणि ऑगस्टपर्यंत शेंडे खुडावेत. रात्र मोठी होऊ लागल्यावरच या झाडाला कळी धरते, त्यामुळे दसऱ्याला फुलांची अपेक्षा धरू नये. पडवीतला दिवा रात्रभर जळत असेल तर दिवाळी उलटली तरी कळी दिसत नाही; अशा वेळी सप्टेंबरपासून कुंड्या दिव्यापासून दूर, अंगणात न्याव्यात.