परीघ आतल्यासारखाच वागतो?

शिरूर अनंतपाळच्या शिवारात आतलं सोयाबीन पाहून बांधावर काय उगवलंय ते कुणी सांगत नाही. कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसमध्ये मात्र हीच चूक हमखास होते. तालुक्यातून लातूर-नांदेडला एम.एस्सी. गणिताला जाणाऱ्यांनी आणि सेट-नेट देणाऱ्यांनी हे सहा गैरसमज आधीच झटकावेत.

गैरसमज १ : अभिसरण-त्रिज्या सारखी, तर परिघावरचं वागणंही सारखं.
वस्तुस्थिती : झ या संमिश्र चलाच्या तीन घातमालिका घ्या. सहगुणक पहिलीत १, १, १…, दुसरीत १, १/२, १/३…, तिसरीत १, १/४, १/९… तिन्हींची त्रिज्या १. पण परिघावर पहिली एकाही बिंदूवर अभिसारी नाही, दुसरी १ हा बिंदू सोडून सगळीकडे आहे आणि तिसरी सगळीकडे.

गैरसमज २ : मालिका अपसारी, म्हणजे तिथं फंक्शनच बिघडलं.
वस्तुस्थिती : पहिल्या मालिकेत स्थिरपद १ धरलं तर चकतीच्या आत तिची बेरीज १/(१−झ). झ = −१ ला मालिका १−१+१−१ अशी झुलत राहते; फंक्शनची किंमत मात्र सरळ १/२. उलट तिसरी मालिका १ वर अभिसारी असूनही तिचं फंक्शन तिथं अ‍ॅनालिटिक नाही, कारण १ जवळ जाताना त्याचं विकलज अनंताकडे जातं.

गैरसमज ३ : परीघ कुठून तरी ओलांडता येतोच.
वस्तुस्थिती : झ चे फक्त १, २, ४, ८, १६… हे घात घेऊन मालिका करा. फंक्शन अ‍ॅनालिटिक ठेवून चकतीबाहेर नेता येईल अशी परिघावर एकही फट उरत नाही. अशा विरळ मालिकांचं प्रमेय हादामार यांनी १८९२ मध्ये दिलं. रामानुजन यांनी जानेवारी १९२० मध्ये हार्डींना कळवलेल्या मॉक थीटा फंक्शन्सची ओळखही परिघाजवळच्या वागण्यावरूनच पटते.

गैरसमज ४ : एका त्रिज्येवरून लिमिट मिळाली की काम झालं.
वस्तुस्थिती : घातांकी फंक्शनमध्ये −(१+झ)/(१−झ) घाला. चकतीत त्याचं निरपेक्ष मूल्य १ पेक्षा कमीच राहतं. त्रिज्येवरून १ कडे गेलात तर लिमिट ० येते. पण १ पाशी परिघाला आतून स्पर्श करणाऱ्या लहान वर्तुळावरून गेलात तर निरपेक्ष मूल्य बदलतच नाही, आणि ते ० नसतं. म्हणून फातू यांचं १९०६ चं प्रमेय जपून बोलतं : फंक्शन बाउंडेड असेल तर परिघाच्या जवळजवळ सर्व बिंदूंशी लिमिट मिळते, तीही स्पर्शरेषेला चिकटून न जाता.

गैरसमज ५ : कमाल मूल्य नेहमी कडेवरच.
वस्तुस्थिती : क्षेत्र बाउंडेड हवं आणि फंक्शन कडेपर्यंत सलग हवं. उजव्या अर्धप्रतलाच्या कडेवर घातांकी फंक्शनचं निरपेक्ष मूल्य सगळीकडे १ असतं. आत मात्र ते हवं तेवढं वाढतं.

गैरसमज ६ : रीमानच्या प्रमेयानं चकती दुसऱ्या क्षेत्रावर नेली की कडही एकास एक जुळते.
वस्तुस्थिती : इथे टोपोलॉजी आड येते. कड जॉर्डन वक्र असेल तरच ती अशी जुळते, हे काराथेओडोरी यांनी १९१३ मध्ये दाखवलं. चकतीला एका त्रिज्येवर चीर पाडली, तर चिरेच्या मधल्या प्रत्येक बिंदूवर परिघाचे दोन बिंदू येऊन बसतात.

परीक्षेत ‘परिघावरही’ असा पर्याय दिसला की तो आतल्या भागावरून खरा धरू नका. क्षेत्र कसं आहे, फंक्शन बाउंडेड आहे का आणि बिंदूकडे कोणत्या वाटेनं जायचंय, हे तीन प्रश्न आधी विचारा; मगच खूण करा.